बीएचा तक्ता कसा वाचायचा, आणि बीएत नेमकं शिकायचं काय

बीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की कॉलेजात विषयांचा एक तक्ता हातात पडतो. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. घरात आधी कुणी पदवी घेतलेली नसेल तर हा तक्ता बघूनच आई-वडील गप्प होतात. मागे रांग असते, खिडकीवरचे कारकून घाई करत असतात, मग मैत्रिणीने ज्यावर टिक केली त्यावरच आपणही करतो. पुढची तीन-चार वर्षं कशी जाणार हे बऱ्याच अंशी त्या घाईत ठरून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना इतिहास शिकवते. दरवर्षी जुलै उजाडला की हीच अक्षरं फळ्यावर लिहून समजावते, आणि तरीही ऑगस्टमध्ये कुणीतरी येऊन विचारतंच, “मॅम, माझं मायनर नक्की काय आहे?”

म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते आहे. आधी तक्ता, मग त्याहून महत्त्वाचं, म्हणजे त्या तक्त्यात भरायचं काय.

पदवी देतं कोण, शिकवतं कोण

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. बीए झालेली पहिली तुकडी १८६२ सालची; महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच तुकडीतले. आज या विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर आणि उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढा आहे. पण बीएचा विद्यार्थी विद्यापीठात रोज जात नाही. कलिना संकुलातले विभाग मुख्यतः एमए आणि पीएचडीचे. बीएचं शिकवणं चालतं ते कॉलेजांत.

कॉलेजं दोन प्रकारची आहेत आणि हा फरक प्रवेशाआधी कळायला हवा. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं. स्वायत्त कॉलेज, उदाहरणार्थ माटुंग्याचं रुईया किंवा धोबी तलावाचं झेवियर्स, आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. त्यामुळे दादरला राहणारी मैत्रीण एका कॉलेजात आणि आपण दुसऱ्या, दोघींचं मेजर इतिहासच, तरी पेपर सारखे असतील असं नाही. तिच्या नोट्स झेरॉक्स करून आपलं भागेल हे धरून चालू नका.

शिवाय मुंबईत विद्यापीठ एकच नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठ चर्चगेटला आहे. एल्फिन्स्टन कॉलेज आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे, केसी एचएसएनसी विद्यापीठाचा. दिवसभर नोकरी करणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, ज्याला सगळे अजूनही आयडॉलच म्हणतात. आता त्याचं नाव दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र असं आहे. मुंबईतली अनेक कॉलेजं बीएचे तास सकाळी लवकर ठेवतात, त्यामुळे दुपारी काम करून शिकणारी मुलंही वर्गात बरीच असतात. नियमित कॉलेज जमण्यासारखं असेल तर मी तेच सुचवेन, कारण या अभ्यासक्रमात वर्गातल्या बोलण्याला पुस्तकाइतकंच मोल आहे. नाहीच जमलं तर दूरशिक्षणात कमीपणा काही नाही.

क्रेडिट म्हणजे काय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार नवी रचना आली. महाराष्ट्रात ती स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाली. या रचनेत सगळं मोजलं जातं क्रेडिटमध्ये. लेक्चरच्या विषयाला सत्रात १५ तास शिकवणं म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना एक. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा, दोन क्रेडिटचा ३० तासांचा. एका सत्रात साधारण २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२.

आता ती अक्षरं. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, पदवी ज्या विषयात मिळते तो. मायनर म्हणजे जोडविषय, तो मेजरहून वेगळा असतो. ओई म्हणजे खुला विषय, तो आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. बीएच्या मुलाला वाणिज्य किंवा विज्ञानातलं काहीतरी शिकावं लागतं. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर. पहिला मेजरशी जोडलेला, दुसरा सर्वसाधारण कौशल्याचा. एईसी म्हणजे भाषा. व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, पर्यावरण, संविधान असे विषय त्यात येतात. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा. सीसी म्हणजे एनएसएस, खेळ, सांस्कृतिक उपक्रम. पुढच्या वर्षांत आणखी तीन येतात: एफपी म्हणजे क्षेत्रीय प्रकल्प, सीईपी म्हणजे समाजासोबतचं काम, आणि ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन घेतलेलं प्रशिक्षण. मेजर कोणत्या सत्रात पक्कं करायचं, कोणत्या मेजरसोबत कोणतं मायनर चालतं, हे कॉलेजागणिक बदलतं. प्रॉस्पेक्टसमध्ये ते पान शोधून वाचा.

पहिल्या वर्षाची मुलं यातल्या दोन क्रेडिटच्या पेपरांकडे “ते काय, होऊन जाईल” असं बघतात. त्याचा परिणाम आकड्यांत बघू या. एसजीपीए, म्हणजे एका सत्राची गुणसरासरी, काढताना प्रत्येक पेपरच्या ग्रेड पॉइंटला त्याच्या क्रेडिटने गुणतात, सगळी बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटने भागतात. समजा एका सत्रात चार क्रेडिटचे दोन पेपर आणि दोन क्रेडिटचे सात पेपर आहेत. एकूण २२ क्रेडिट. एका मुलीने मोठ्या दोन पेपरांत जीव ओतून ९ पॉइंट मिळवले आणि छोट्या सातांत ६ वर राहिली. मोठ्यांचे ७२, छोट्यांचे ८४, बेरीज १५६. भागिले २२, एसजीपीए ७.०९. दुसरीने उलट केलं: मोठ्यांत ६, छोट्यांत ९. ४८ आणि १२६, बेरीज १७४, एसजीपीए ७.९१. मेजरवर मेहनत घेणारी मुलगी जवळपास एका पूर्ण पॉइंटने मागे पडली. पुढच्या वर्षांत मेजरचा वाटा वाढत जातो, तिसऱ्या वर्षी तर २२ पैकी मोठा हिस्सा त्याचाच असतो, त्यामुळे हा खेळ पालटतो. पण पहिल्या वर्षी घसरलेला आकडा सीजीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीत, शेवटपर्यंत सोबत येतो.

कमावलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमच्या नावावर जमा होतात. डिजिलॉकरमधून तिचा आयडी काढायचा. आधार कार्डावरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर इथे गाडी अडते. प्रवेशाच्या आधीच ते दुरुस्त करून घ्या, परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव फार होते.

मधेच शिक्षण थांबवावं लागलं तर? पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर बीए, चौथ्यानंतर ऑनर्स. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडताना चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप जास्तीची करावी लागते. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत पूर्ण करायचं. घरची अडचण, आजारपण, लग्न अशा कारणांनी शिक्षण सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांची वर्षं पूर्वी पार वाया जायची. त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. पण अडचण नसताना “एक वर्ष झालं, प्रमाणपत्र मिळालं, पुरे” असं करू नका. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात पदवीची किंमत नाही.

एकच गोष्ट, सहा विषय

इतकं कळलं तरी मुख्य प्रश्न राहतोच. बीएत करतात काय? इतिहास म्हणजे सनावळ्या, राज्यशास्त्र म्हणजे संविधानाची कलमं, समाजशास्त्र म्हणजे व्याख्या पाठ करणं, असा शाळेपासूनचा समज असतो. तो मोडायला मी दरवर्षी एकच उदाहरण घेते, आपल्या शहरातलं: १९८२चा गिरणी संप.

१८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. लालबाग, परळ, वरळी, भायखळ्याच्या कितीतरी घरांत तो आजही आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळतो. आता एकेक विषय त्याकडे कसा बघतो ते पाहा.

इतिहासाचा विद्यार्थी मागे जातो. १८५०च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली, तिथपासून कामगार कुठून आले, रत्नागिरी-साताऱ्याचीच माणसं इतकी का होती, हे तो विचारतो. तो कागद शोधतो आणि म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी टिपून घेतो. मग कागद एक सांगतो आणि आठवण दुसरं, तेव्हा कुणावर किती विसंबायचं हे ठरवायला शिकतो. खरं तर इतिहास या विषयाचं सगळं मर्म तिथेच आहे.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी कायदा हातात घेतो. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, आणि गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे, कायदा दुसऱ्या संघटनेच्या मागे. संख्याबळ असूनही मान्यता नाही, ही गोष्ट समजली की प्रतिनिधित्व ही पुस्तकातली संकल्पना एकदम जिवंत होते. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक प्रमुख मागणीच होती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी भिवंडीकडे बघतो. तिथल्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघत होतं. गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती, कित्येक मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घातला नव्हता, आणि गिरणीखालची जमीन मात्र दिवसेंदिवस महाग होत होती. मालकाला गिरणी चालवण्यात जास्त लाभ की बंद ठेवण्यात, हा प्रश्न अर्थशास्त्राने विचारला की संपाचं चित्र बदलतं.

समाजशास्त्र घरात शिरतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष, गावकीच्या खोल्या, गावाला जाणारी मनीऑर्डर, आणि या सगळ्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. विसाव्या शतकात गिरण्यांमधल्या स्त्री कामगारांची संख्या घटत का गेली, आणि त्यातल्या कितीजणी अशा न मोजल्या जाणाऱ्या कामांत गेल्या, हे विचारणं समाजशास्त्राचं. आणखी एक बाब: रोज पहाटे गेटवर उभं राहून काम मिळतं का बघणारा बदली कामगार. तो कामगारच, पण कायम कामगारापेक्षा त्याचं आयुष्य अगदी वेगळं. “कामगार वर्ग” हा एकसंध गट नसतो हे बदलीकडे बघितलं की कळतं.

भूगोलाचा विद्यार्थी नकाशा काढतो. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम गिरण्यांच्या जमिनीबद्दलचा. ढोबळमानाने जमिनीचे तीन वाटे: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली हा नियम बदलला आणि वाटणी मुख्यतः रिकाम्या जमिनीपुरती राहिली, म्हणून शहराच्या वाट्याला आलेली जागा पुष्कळच कमी झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००६ साली बदललेला नियम कायम झाला. लोअर परळच्या पुलावर उभं राहून आजूबाजूचे टॉवर बघताना हा नियम माहीत असणं आणि नसणं यात फार अंतर आहे. आणि साहित्याचा विद्यार्थी गिरणगावातली शाहिरी, भजनी मंडळं, कामगार रंगभूमी वाचतो, ऐकतो. माणसाने स्वतःच्या हलाखीबद्दल बोलताना कोणती भाषा निवडली हे बघतो.

संप एकच. प्रत्येक विषयाचे प्रश्न वेगळे, पुरावा म्हणून चालणारी गोष्ट वेगळी. बीएत हीच शिस्त शिकायची असते: कोणता प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर कुठे सापडेल, आणि सापडलेल्यावर किती विश्वास ठेवायचा.

म्हणूनच मेजर-मायनर निवडताना “कुठला विषय सोपा” किंवा “कुठल्या सरांचे मार्क सढळ” यापेक्षा आपल्याला कशाचं कुतूहल आहे तिथून सुरुवात करावी. शहर कसं बदलतं याची ओढ असेल तर भूगोल मेजर आणि अर्थशास्त्र मायनर शोभतं. गिरणगावातून आलेली एखादी मुलगी इतिहास मेजर, समाजशास्त्र मायनर घेऊ शकते, क्षेत्रीय प्रकल्प आपल्याच चाळीच्या पुनर्विकासावर करू शकते, ओजेटीसाठी एखादं ग्रंथालय, संग्रहालय किंवा वृत्तपत्राचं कार्यालय गाठू शकते. ओईला वाणिज्य शाखेतलं हिशेबाचं काहीतरी घेतलं तर गिरणीचा ताळेबंद तिला वाचता येईल. तेव्हा तक्त्यातल्या सुट्या अक्षरांना एक दिशा येते. ही दिशा कॉलेज देत नाही, आपणच द्यावी लागते, आणि माझ्या मते नव्या रचनेतली सगळ्यात मोलाची संधी हीच आहे.

उत्तर कसं लिहायचं

प्रश्न येतो: “१९८२च्या गिरणी संपाच्या अपयशाची कारणे स्पष्ट करा.” गाईडमधलं उत्तर असं असतं: मालकांची हटवादी भूमिका, सरकारचे दुर्लक्ष, कामगारांची आर्थिक ओढाताण, संघटनांमधील मतभेद. प्रत्येकाखाली चार ओळी. चूक काहीच नाही, पण कारणांचा एकमेकांशी संबंध काय, कुठलं जास्त वजनाचं, हे त्यात नाही.

आता हे वाचा. “संप लांबला तेव्हा त्याची झळ दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. कामगाराचा पगार पहिल्या महिन्यापासून थांबला. कापड मात्र यंत्रमागांवर विणून घेण्याची वाट अनेक गिरण्यांकडे होती, आणि बंद गिरणीची जमीन जागेवरच होती. त्यामुळे संप जितका लांबेल तितका मालक भक्कम आणि कामगार कमजोर होत गेला. मान्यताप्राप्त संघटनेच्या कायद्यामुळे वाटाघाटीचं दार बंद होतं, म्हणून संप लांबण्यावाचून पर्यायही नव्हता.” कारणं जवळपास तीच आहेत. पण इथे एक कारण दुसऱ्याला ढकलतं आहे आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं आहे. यापुढे एक परिच्छेद या म्हणण्याविरुद्ध काय बोलता येईल याचा लिहिला की उत्तर पूर्ण झालं.

असं लिहायला आठवड्याला एक उत्तर, घड्याळ लावून, हाताने लिहायचं आणि शिक्षकांना दाखवायचं. बहुतेक शिक्षक आनंदाने तपासतात. विचारणारी मुलंच कमी असतात. मोबाइलवर तयार उत्तर काढून सबमिशन भागतं, पण परीक्षेच्या हॉलमध्ये पेन आपल्यालाच चालवावं लागतं आणि तिथे महिन्याभरात ही सवय येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक भीती हमखास असते. मुंबई विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या प्रश्नपत्रिकेत मराठी रूपांतर दिलेलं असतं आणि उत्तर मराठीत लिहिता येतं. ते हक्काने लिहा. फक्त पुढे वाचायचं बरंचसं साहित्य इंग्रजीत आहे, हे ध्यानात ठेवून वहीत दोन्ही भाषांतल्या संज्ञा समोरासमोर लिहीत चला. रोज इंग्रजीतलं एक पान, शब्दकोश बाजूला ठेवून, वाचलं तरी दुसऱ्या वर्षापर्यंत संदर्भग्रंथाची धास्ती जाते.

आणि ग्रंथालयं! या बाबतीत मुंबईच्या मुलांसारखं नशीब महाराष्ट्रात फार थोड्यांचं आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. फोर्टात टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, आणि तिथेच एल्फिन्स्टनच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. कलिन्याला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. प्रत्येकाचे सदस्यत्वाचे आणि प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन गेलात तर काम सोपं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचा एखादा सरकारी कागद समोर ठेवून वाचायला मिळणं, ही गोष्ट तीन वर्षांत एकदा तरी करावीच.

पैसे, हजेरी, केटी

थोडक्यात उरलेलं. प्रवेशासाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, मग कॉलेजचा वेगळा फॉर्म. नुसता एकच भरून थांबू नका. फी बघताना तुकडी अनुदानित की विनाअनुदानित हे विचारा. अनुदानित बीएची फी बेताची असते. त्याच इमारतीत चालणाऱ्या मास मीडियासारख्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांची फी कितीतरी जास्त. शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर असतात: अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीच्या योजना, आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला हे निकालाच्या आधीच तहसील कार्यालयातून काढून ठेवा. अर्ज दरवर्षी नव्याने पुढे चालू करावा लागतो, हे विसरून दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती गमावणारी मुलं दरसाल भेटतात.

हजेरी ७५ टक्के लागते. डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत, नाव आलं आणि कारण खरं असेल, घरी आजारपण किंवा स्वतःची नोकरी, तर लपून बसू नका. सत्र संपायच्या आत कागद घेऊन मेंटॉरना भेटा.

केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर आभाळ कोसळत नाही. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं, त्या सवलतीलाच एटीकेटी म्हणतात. किती विषयांपर्यंत ती मिळते ते आपल्या वर्षाच्या परिपत्रकात बघायचं. अंतर्गत परीक्षा आणि लेखी परीक्षा या दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणून “इंटर्नल राहिली तरी लेखीत भरून काढू” हा हिशेब चालत नाही.

पुढे काय

“बीए करून काय करणार?” हा प्रश्न नातेवाईक लग्नकार्यात विचारतात, आणि मुलं अंग चोरतात. उत्तरं बरीच आहेत. कोणत्याही पदवीनंतर यूपीएससी आणि एमपीएससी देता येतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे वर जसं उत्तर लिहायचं सांगितलं तसंच तिथेही लिहावं लागतं. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी आहे. बीएड, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता, भाषांतर, संग्रहालयं, सामाजिक संस्थांमधलं सर्वेक्षणाचं काम आहे. मानसशास्त्रात समुपदेशनाकडे जायचं तर एमए लागेलच, नुसत्या बीएवर कुणाचं समुपदेशन करू नये. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.

पण हेही खरं की नुसत्या बीएच्या कागदावर पहिली नोकरी चटकन आणि चांगल्या पगाराची मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ज्या घरात पहिल्या पगाराची वाट बघितली जाते तिथे हे आधीच बोलून घ्यावं, आणि व्हीएससी, एसईसी, ओजेटी यांचा उपयोग मन लावून करावा. संगणकावर मराठी आणि इंग्रजी टायपिंग, एक्सेलमध्ये आकडेवारी मांडणं, मुलाखत घेऊन ती उतरवून काढणं, एवढं ज्या बीएच्या मुलाला येतं त्याला दुसऱ्या वर्षापासून लहानसहान काम मिळू लागतं.

चौथ्या वर्षाचा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच घ्यावा. तीन वर्षांच्या बीएनंतर एमए दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाचं. एकूण वर्षं पाचच. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि आपल्या कॉलेजात त्या विषयाला मार्गदर्शक आहेत का हे आधी पाहावं लागतं, कारण चौथं वर्ष सगळीकडे नाही. नोकरी, कायदा किंवा बीएडकडे जायचं असेल तर तीन वर्षांवर थांबणं मला योग्य वाटतं. संशोधनाची आवड खरोखर असेल तर चौथं वर्ष जरूर करा. विभागप्रमुखांना पाचव्या सत्राच्या पहिल्या महिन्यातच भेटा, आणि जाताना आपल्याला कशावर काम करायचं आहे ते एका पानावर लिहून न्या.